एकच सोर्स, पण विंडोज ७, रास्पबेरी पाय आणि उबुंटू सर्व्हर: बिल्ड कशी बसवायची?

गुळाची_ढेप

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

करवीर आणि पन्हाळा तालुक्यातल्या काही दूध संस्थांचं संकलनाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. प्रोग्राम सी मध्ये आहे, थोडं सी++. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घालायला आला की काट्यावरून वजन आणि ॲनालायझरवरून फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक), गोठणबिंदू सिरीयल पोर्टने उचलायचं, दर काढायचा, पावती छापायची, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये नोंद ठेवायची. रात्री दिवसभराची फाइल तालुक्याच्या ऑफिसातल्या उबुंटू सर्व्हरला जाते.

पूर्वी सगळीकडे विंडोज ७ चे ३२ बिट पीसी होते. २०१९ च्या पुरात नदीकाठच्या संस्थांचे पीसी भिजले, त्यांनी त्या जागी रास्पबेरी पाय हे आर्म प्रोसेसरचे छोटे संगणक घेतले. वीज कमी खातो, इन्व्हर्टरवर तासन् तास चालतो. पण पायसुद्धा एकसारखे नाहीत. कुठे ३, कुठे ४, आणि एका हौशी सचिवांनी झीरो डब्ल्यू आणून ठेवलाय. विंडोज ७ वालेही आहेतच, वार्षिक सभेत ठराव झाल्याशिवाय नवा पीसी येत नाही.

माझा लॅपटॉप उबुंटू २२.०४. यावरूनच सगळ्यांची बिल्ड, म्हणजे चालवायची तयार बायनरी फाइल, काढायची आहे. सध्या जुना ऑटोकॉन्फचा कॉन्फिगर स्क्रिप्ट आहे (मशीन तपासून बिल्डची तयारी करणारा). अडलंय ते असं:

कॉन्फिगरला आर्मचा कंपायलर दिला की 'कॅनॉट रन सी कंपाइल्ड प्रोग्रॅम्स' म्हणून थांबतो. तिथली तपासणी काढून टाकून कशीबशी बायनरी काढली, तर पाय ३ वर 'जीलिबसी २.३४ नॉट फाउंड' (जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी). पाय झीरोवर 'इललीगल इन्स्ट्रक्शन'. आणि पाय ४ वर सगळ्यात भारी: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. एलएस केलं की फाइल दिसते, चालवायला गेलं की म्हणे फाइलच नाही!

प्रत्येक ठिकाणी वेगळी एरर. सुरुवात कुठून करू?

(आज्ञा देवनागरीत लिहितोय, इथला एडिटर रोमन अक्षरांचा चुथडा करतो. टाइप करताना तुम्ही रोमनमध्येच कराल हे माहीत आहे.)

---

शिरोली_एमआयडीसी

भावा, कशाला डोक्याला ताप? सोर्स पायवर टाक, तिथंच मेक मार. आमच्याकडं फौंड्रीत भट्टीचं टेंपरेचर बघायचा प्रोग्राम असाच चालतोय. जिथं चालवायचं तिथंच बांधायचं, विषय संपला.

---

गुळाची_ढेप

एक-दोन ठिकाणी असतं तर तेच केलं असतं राव. झीरोवर एसक्यूलाइट कंपाइल करायला लावलं की तोवर संध्याकाळचं संकलन सुरू होतं. शिवाय प्रत्येक संस्थेत कंपायलर आणि सोर्स ठेवायचा नाहीये.

---

जुना_जाणता

शिरोलीकर म्हणतात ते एका मशीनपुरतं बरोबर आहे. पण अनेक ठिकाणी बांधलेल्या बायनऱ्या म्हणजे अनेक वेगळी सॉफ्टवेअरं. सचिवाने फोन केला की आधी विचारावं लागतं, तुमच्याकडची कुठली?

ढेप, उत्तर देण्याआधी माहिती हवी. प्रत्येक पायवर चार गोष्टी चालवा आणि इथे टाका: 'यूनेम -एम', 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर', 'गेटकॉन्फ लाँग_बिट' आणि 'एलडीडी --व्हर्जन'.

पहिल्या उत्तरावर विसंबू नका. यूनेम कर्नलचं सांगतो, आणि तुमची बायनरी चालते ती यूजरलँडवर, म्हणजे कर्नलच्या वरच्या लायब्ररी-प्रोग्रामांवर. २०२३ पासून रास्पबेरी पायच्या ३२ बिट ओएसमध्येसुद्धा काही बोर्डांवर ६४ बिट कर्नल आपोआप चालू होतो. म्हणजे यूनेम 'एआर्च६४' म्हणेल आणि वरची सगळी लायब्ररी ३२ बिट असेल. जुना कॉन्फिग.गेस स्क्रिप्टही इथे फसतो.

आणि मेकफाइलमधले सीफ्लॅग्ज पण दाखवा.

---

गुळाची_ढेप

काका, घ्या.

पाय ३: यूनेम एआर्च६४, डीपीकेजी आर्मएचएफ, ३२ बिट, जीलिबसी २.३१. ओएस बुल्सआय (डेबियन ११ वर बेतलेलं), अपडेट केलेलं.
पाय ४: एआर्च६४, आर्म६४, ६४ बिट, २.३६. बुकवर्म (डेबियन १२ वर बेतलेलं).
झीरो डब्ल्यू: आर्मव्ही६एल, आर्मएचएफ, ३२ बिट, २.३६. हाही बुकवर्म.
लॅपटॉप: २.३५.

पाय ३ चं बघून चाट पडलो. कर्नल ६४, बाकी सगळं ३२.

सीफ्लॅग्ज: -ओ२ -मार्च=नेटिव्ह. आर्मचा कंपायलर नेटिव्ह घेत नव्हता म्हणून तिकडे काढलंय, विंडोजच्या बिल्डला आहे.

---

जुना_जाणता

नेटिव्ह आधी काढा. त्याचा अर्थ 'ज्या मशीनवर कंपायलर चालतोय त्या प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं वापर'. लॅपटॉपला एव्हीएक्स२ येतं, संस्थेतल्या जुन्या पेंटियमला येत नाही. विंडोजवर ती बायनरी ०एक्ससी०००००१डी असा कोड देऊन मरते आणि सचिव म्हणतात व्हायरस आला.

---

रंकाळा_चौपाटी

ढेपदादा, चारही एरर वेगळ्या दिसत असल्या तरी सगळ्यांचं मूळ एकच आहे. तुम्ही कंपायलरला प्रोसेसरचं नाव सांगताय, पण तेवढ्याने भागत नाही. तीन गोष्टी सांगाव्या लागतात: प्रोसेसरची कुठली पिढी, कुठला एबीआय (बायनरी पातळीवरचे नियम), आणि कुठल्या वयाची सी लायब्ररी. एकेक घेते.

कॉन्फिगरचं थांबणं. ऑटोकॉन्फला तीन शब्द कळतात. बिल्ड म्हणजे जिथे कंपायलर चालतो ते मशीन, तुमचा लॅपटॉप. होस्ट म्हणजे तयार झालेला प्रोग्राम जिथे चालणार ते, तुमचा पाय. टार्गेट फक्त कंपायलरसारखं हत्यार बांधत असाल तर लागतं, तुम्हाला नाही. तुम्ही सीसी बदलला पण होस्ट सांगितला नाही, म्हणून त्याने चाचणीचा आर्म प्रोग्राम इंटेलवर चालवून पाहिला. तपासणी कापून टाकू नका, फक्त असं द्या:

--बिल्ड=एक्स८६_६४-पीसी-लिनक्स-जीएनयू --होस्ट=आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ

दोन्ही द्यायचे. दोन्ही वेगळे दिसले की तो क्रॉस कंपाइल (एका मशीनवर दुसऱ्यासाठी बांधणं) समजतो आणि काही चालवून बघत नाही. मग ज्या प्रश्नांचं उत्तर चालवून बघितल्याशिवाय मिळत नाही, तिथे जुना ऑटोकॉन्फ सरळ 'नाही' धरतो. लिंक करताना 'आरपीएल_मॅलॉक सापडत नाही' असं आलं तर घाबरू नका. 'एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल=येस' असं उत्तर आपणच कॉन्फिगरला पुरवायचं. जुन्या टारबॉलमधले कॉन्फिग.गेस आणि कॉन्फिग.सब पण बदलून घ्या. आर्म६४ यायच्या आधीचे असतील तर ते 'एआर्च६४' नाव ओळखतच नाहीत.

जीलिबसी २.३४. लॅपटॉपवर २.३५, पाय ३ वर २.३१. जीलिबसी जुन्या बायनरीला नव्या सिस्टिमवर चालवते, उलटं नाही. आणि २.३४ मध्ये पीथ्रेड मूळ लायब्ररीत विलीन केलं, तेव्हा प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवी आवृत्ती लागली. त्यामुळे तुम्ही नवीन काहीच वापरलं नसलं, नुसता 'हॅलो वर्ल्ड' असला, तरी २.३४ मागितलं जातं. उपाय एकच, सगळ्यात जुन्या मशीनची लायब्ररी धरून बांधायचं.

नो सच फाइल. तुमची बायनरी ३२ बिट, पाय ४ चं यूजरलँड ६४ बिट. जी फाइल सापडत नाहीये ती तुमची नव्हे. बायनरीच्या आत लिहिलेला लोडर, एलडी-लिनक्स-आर्मएचएफ.एसओ.३, तिथे नाही. कर्नल तो शोधतो, मिळत नाही, आणि शेलकडून तुमच्या फाइलच्या नावाने शंख होतो. तिथे आर्म६४ ची वेगळी बिल्ड द्या.

झीरोचं दुखणं खोलातलं आहे. उद्या लिहिते, पोरांचा डबा करायचाय.

---

गो_गावकरी

हे सगळं वाचून हसू येतंय. गो मध्ये लिहा की. जीओओएस=विंडोज जीओआर्च=३८६, संपलं. पायसाठी जीओआर्च=आर्म जीओआर्म=६. कंपायलर तोच, सिसरूट (समोरच्या मशीनच्या लायब्ररींची प्रत) नको, जीलिबसी नको, काही नको. एका मिनिटात सगळ्या बायनऱ्या.

---

गुळाची_ढेप

मोह होतो हो. पण सिरीयलचा आणि दरपत्रकाचा सगळा कोड सी मध्ये आहे आणि तो वर्षानुवर्षं घासून बरोबर झालाय. दुधाच्या दरात पाच पैशांचा फरक पडला तर सभासद काउंटरवरच धरतात.

---

रंकाळा_चौपाटी

गावकरी, गो च्या बाबतीत तुमचं खरं आहे, पण दोन गोष्टी गिळल्यात तुम्ही. एसक्यूलाइटचा जो ड्रायव्हर बहुतेक जण घेतात तो सीगो, म्हणजे गो मधून सी चा कोड बोलवायची सोय, वापरतो. सीगो आला की सी कंपायलर आला, आणि हा सगळा धागा परत पहिल्यापासून. शुद्ध गो मधले पर्याय आहेत, ते घ्यावे लागतील. आणि विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती गो १.२०. पुढच्या आवृत्त्यांना विंडोज १० लागतं. रस्टनेही १.७८ पासून तेच केलं. सी जुनाट असेल, पण जुन्या मशीनला धरून आहे.

---

गो_गावकरी

विंडोज ७ हा प्रश्न भाषेचा नाहीये, संस्थेचा आहे. १४ जानेवारी २०२० ला त्याचा सपोर्ट संपला.

---

शिरोली_एमआयडीसी

सपोर्ट संपला म्हणून म्हैस दूध द्यायची थांबत न्हाई भावा 😄

---

रंकाळा_चौपाटी

आता झीरो.

पहिला पाय आणि झीरो यांचा प्रोसेसर आर्मव्ही६ आहे. पाय २ पासून पुढे आर्मव्ही७ किंवा वरचा. घोळ असा की डेबियन आणि उबुंटूच्या भाषेत 'आर्मएचएफ' म्हणजे किमान आर्मव्ही७. रास्पबियनवाल्यांना पहिल्या पायवर हार्ड फ्लोट (दशांशाची गणितं प्रोसेसरच्या खास भागात) चालवायचा होता म्हणून त्यांनी सगळं वितरण आर्मव्ही६ साठी परत बांधलं, आणि नाव तेच ठेवलं, आर्मएचएफ. पाटी एक, माल दोन. उबुंटूच्या क्रॉस कंपायलरने काढलेली बायनरी झीरोवरचा लोडर आनंदाने उघडतो, आणि पहिली व्ही७ ची सूचना आली की प्रोग्राम मरतो.

तुम्ही म्हणाल, -मार्च=आर्मव्ही६ देतो. द्या. 'थंब-१ हार्ड-फ्लोट व्हीएफपी एबीआय' जमत नाही म्हणून कंपायलर रडेल, कारण उबुंटूचा कंपायलर मुळात थंब मोडमध्ये (आर्मच्या आखूड सूचना) असतो. मग -एमआर्म द्याल. आता कंपाइल होईल. तरी झीरोवर पडेल! तुमचा कोड व्ही६ झाला, पण प्रोग्रामच्या सुरुवातीला जोडले जाणारे सीआरटीचे तुकडे आणि लिबजीसीसी उबुंटूने व्ही७ साठी बांधून ठेवलेत, ते तसेच आत येतात. फ्लॅग बदलून हे सुटत नाही, टूलचेनच (कंपायलर, लिंकर, लायब्ररी असा सगळा संच) बदलावी लागते.

मला दिसणारे रस्ते:

क्रॉसटूल-एनजी घेऊन आर्मव्ही६, व्हीएफपी, हार्ड फ्लोट आणि जुनी जीलिबसी अशी स्वतःची टूलचेन बांधा. एकदाच बांधायची, मग वेगवान. पण पहिल्यांदा बसवताना घाम काढते.

किंवा झिग ही भाषा. त्याच्या सी कंपायलरला टार्गेटच्या शेपटीला जीलिबसीची आवृत्ती लावता येते, 'जीएनयूईएबीआयएचएफ.२.२८' अशी, आणि -एमसीपीयू=आर्म११७६जेझेडएफ_एस दिलं की झीरोचा प्रोसेसर. सुरुवातीचे तुकडे तो स्वतः सोर्सपासून बांधतो, म्हणून वरची भानगड येत नाही.

किंवा रास्पबियन बुल्सआयची रूट फाइलसिस्टिम लॅपटॉपवर उतरवा, बिनएफएमटी आणि क्यूईएमयू (इंटेलवर आर्मचे प्रोग्राम चालवणारी जोडी) लावून त्यात क्रूट करा (तीच मूळ डिरेक्टरी धरून आत शिरा) आणि आतला साधा जीसीसी वापरा. तो व्ही६ धरूनच चालतो. एमुलेशन असल्याने हळू आहे, पण तुमचा प्रोग्राम केवढासा! मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं. क्रॉस कंपाइलची कटकटच उरत नाही, कॉन्फिगरला वाटतं आपण पायवरच आहोत.

---

शिरोली_एमआयडीसी

म्हणजे फिरून माझंच की ओ ताई. पायवरच बांधायचं, फक्त पाय लॅपटॉपच्या पोटात.

---

रंकाळा_चौपाटी

हो, तुमचंच. 😀 तुमच्याकडे साचा एका शेडमध्ये करतात आणि ओतकाम दुसरीकडे, तरी मापं ओतकामाचीच धरतात ना? तेवढं जमलं की कुठे बांधलं याला महत्त्व नाही.

---

जुना_जाणता

एक इशारा. क्यूईएमयूत चाललं म्हणजे झीरोवर चालेल असं नाही. यूजर मोडमधला क्यूईएमयू-आर्म आपणहून सगळ्यात सक्षम प्रोसेसरचं सोंग घेतो. व्ही७ ची बायनरीही तिथे सुखाने चालते. चाचणी करताना 'क्यूईएमयू_सीपीयू=आर्म११७६' ठेवा, म्हणजे जी सूचना झीरोला येत नाही ती तिथेही पडेल.

आणि बायनरी संस्थेत जाण्याआधी 'रीडएल्फ -ए' (ए कॅपिटल) मारून टॅग_सीपीयू_आर्च बघा. व्ही६ दिसलं पाहिजे. 'ऑब्जडंप -टी' (टी कॅपिटल) मध्ये जीलिबसी गाळून सगळ्यात मोठा आकडा बघा. २.३१ च्या वर काही दिसलं तर बिल्ड परत.

---

इचलकरंजी_लूम

मी शिकतोय अजून, म्हणून विचारतो. एवढ्यापेक्षा स्टॅटिक लिंक केलं तर? सगळं आतच. मग जीलिबसीचा प्रश्नच नाही.

---

रंकाळा_चौपाटी

चांगला प्रश्न. लिनक्सवर मसल या छोट्या सी लायब्ररीबरोबर स्टॅटिक केलं तर मस्त चालतं, आणि या प्रोग्रामला ते पुरेसंही आहे. जीलिबसी मात्र स्टॅटिकला नाराज असते. नाव शोधणं, युजरची माहिती काढणं या कामांना ती चालू असताना बाहेरची लायब्ररी उघडते, आणि तिथे तीच आवृत्ती लागते. आणि स्टॅटिक केल्याने प्रोसेसरची पिढी बदलत नाही. व्ही७ चं स्टॅटिक झीरोवर तितकंच पडतं.

---

गुळाची_ढेप

मंडळी, आभार कसे मानू! क्रूटचा रस्ता धरला. झीरो आणि पाय ३ दोन्हीवर एकच बायनरी चालली. पाय ४ साठी डेबियन ११ च्या कंटेनरमध्ये एआर्च६४ चा क्रॉस कंपायलर टाकला, तीही उठली. सर्व्हरची बिल्ड त्याच कंटेनरमध्ये.

पण आता एक विचित्र गोष्ट. पायवर गोठणबिंदू चुकीचा येतोय. विंडोजवर त्याच ॲनालायझरला -०.५२ दिसतं, पायवर २.०४. फॅट, एसएनएफ बरोबर. सचिव म्हणतात दुधात पाणी की पाण्यात दूध, काही कळेना. गोठणबिंदूवरूनच पाणी पकडतात ना, म्हणून गावात कुजबुज सुरू व्हायच्या आत मिटवायचंय.

---

इचलकरंजी_लूम

केबल लूज असेल का? एंडियनचा (बाइटांच्या क्रमाचा) प्रश्न?

---

जुना_जाणता

एंडियन नाही. इंटेल आणि हे सगळे पाय, दोन्ही लिटल एंडियनच चालतात. आणि केबल लूज असती तर आकडा रोज बदलला असता.

२५६ मधून ५२ वजा करून बघा.

---

गुळाची_ढेप

२०४!!

---

रंकाळा_चौपाटी

काकांनी एका ओळीत संपवलं. बाकीच्यांसाठी सविस्तर.

ॲनालायझर गोठणबिंदू एका बाइटमध्ये शंभरपट करून पाठवतोय, उणे ५२. तुमच्या कोडमध्ये तो बाइट साध्या 'चार' मध्ये घेतलाय. साधा चार चिन्हासकट असावा की नसावा हे सी भाषेने ठरवलेलंच नाही, ते त्या त्या प्लॅटफॉर्मवर सोडलंय. इंटेलवर, विंडोज असो की लिनक्स, तो चिन्हासकट. आर्म लिनक्सवर बिनचिन्हाचा. म्हणून तोच बाइट इथे उणे ५२ आणि तिथे २०४. फॅट, एसएनएफ कधी उणे नसतात, म्हणून ते वाचले. गंमत म्हणजे ॲपलच्या आर्मवर तो चिन्हासकट आहे, म्हणजे हा दोष निव्वळ प्रोसेसरचाही नाही, त्या प्लॅटफॉर्मच्या एबीआयचा आहे.

दुरुस्ती: एसटीडीइंट.एच घ्या आणि तिथे 'इंट८_टी' लिहा.

त्याच हाताने 'गेटसी' शोधा. त्याचं उत्तर चार मध्ये घेऊन ईओएफशी (फाइल संपल्याची खूण) तुलना केली असेल तर पायवर ते लूप कधी थांबणारच नाही, कारण उणे १ तिथे २५५ होतो.

---

शिरोली_एमआयडीसी

एवढा कोड कोण चाळत बसणार? -एफसाइन्ड-चार फ्लॅग टाका, सगळीकडं सारखं. आमी तेच केलंय.

---

जुना_जाणता

चालतं, आणि आज रात्री संकलन सुरू ठेवायला मीही तेच टाकेन. पण मग तुमच्या कोडचा अर्थ मेकफाइलच्या एका ओळीवर लटकतो. उद्या कुणी ती फाइल दुसऱ्या प्रकल्पात उचलली की गोठणबिंदू पुन्हा २.०४. आज फ्लॅग, आणि सावकाश इंट८_टी.

---

रंकाळा_चौपाटी

मी फ्लॅग टाकणार नाही. फ्लॅग टाकला की सावकाश कधीच उजाडत नाही, काका. आणि तसंही चाळायलाच हवं. रात्रीची फाइल सर्व्हरला कशी जाते, दादा? स्ट्रक्ट (मेमरीतली नोंद) जशीच्या तशी फाइलमध्ये एफराइट करता का?

---

गुळाची_ढेप

हो... स्ट्रक्टच. त्यात सभासद क्रमांक 'लाँग' आहे, रक्कम डबल. सर्व्हरवरचा वाचणारा प्रोग्राम जुन्या ३२ बिट बायनरीचाच चालू आहे, म्हणून आजवर काही झालं नाही. त्याची ६४ बिट बिल्ड नुकतीच काढलीये, बसवलेली नाही.

---

रंकाळा_चौपाटी

बसवू नका!

लाँग ३२ बिट विंडोजवर ४ बाइट, ३२ बिट पायवर ४, ६४ बिट लिनक्सवर ८. आणि ६४ बिट विंडोजवर परत ४, म्हणजे 'नुसतं ६४ बिट' म्हणूनही सुटत नाही. शिवाय मधल्या रिकाम्या जागा. ३२ बिट लिनक्सवर इंटेल स्ट्रक्टमधला डबल ४ च्या सीमेवर ठेवतो, विंडोज आणि आर्म ८ च्या. सभासदाचा क्रमांक रकमेच्या खिशात जाईल.

फाइल मजकुराची करा. स्वल्पविरामाने तोडलेल्या ओळी, रक्कम पैशांत, पूर्णांकात. केवढी असेल एका संस्थेची एका दिवसाची फाइल? मोबाइलच्या फोटोहून लहानच.

---

इचलकरंजी_लूम

मग इफडेफ विंडोज, इफडेफ आर्म असं सगळीकडे लिहायचं का? की सीमेक (बिल्ड बसवायचं हत्यार) हे करतं?

---

रंकाळा_चौपाटी

आर्म असं तर कुठेच लिहायचं नाही. या प्रोग्रामला प्रोसेसरचं नाव विचारायची गरज एकाही ठिकाणी पडू नये. विंडोज की पॉझिक्स (लिनक्स, मॅक वगैरेंचे सामाईक नियम) एवढं एकाच जागी, सिरीयल पोर्टला. तिथेही इफडेफचं जंगल नको, दोन फाइली करा. एकीत टर्मिओस, दुसरीत क्रिएटफाइल आणि डीसीबी. हेडर एक. कुठली घ्यायची ते बिल्डने ठरवायचं.

सीमेकवर या, दादा. प्रत्येक मशीनसाठी एक छोटी टूलचेन फाइल. त्यात सीमेक_सिस्टिम_नेम भराच, ते भरलं तरच त्याला क्रॉस आहे हे कळतं. मग प्रोसेसर, कंपायलर, फाइंड_रूट_पाथ. शोधायचे नियम असे: प्रोग्रॅमला नेव्हर, लायब्ररी आणि इन्क्लूडला ओन्ली. म्हणजे हत्यारं लॅपटॉपची आणि लायब्ररी समोरच्याची. हे नसलं की तो इंटेलची लिबएसक्यूलाइट उचलतो आणि लिंकर 'स्किपिंग इनकंपॅटिबल' म्हणत बसतो. पीकेजी-कॉन्फिग वापरत असाल तर पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर आणि सिसरूट_डिर पण फिरवा, तो सीमेकचं ऐकत नाही. खरं तर एसक्यूलाइटची एकत्र केलेली एकच सी फाइल मिळते, ती सोर्समध्येच टाका. एक शोधाशोध कमी.

सीमेक ३.१९ पासून प्रीसेट (नाव देऊन ठेवलेल्या सेटिंग्ज) आहेत, तुमच्या उबुंटूवर ३.२२ आहे. विन७, पाय३२, पाय६४, सर्व्हर अशी नावं द्या. आणि प्रत्येकाचा बिल्ड फोल्डर वेगळा. एकाच फोल्डरमध्ये टूलचेन बदलून परत चालवलं की जुनी कॅशे भुतासारखी मागे लागते.

---

जुना_जाणता

विंडोजचं राहिलंच. उबुंटूवरून आय६८६-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२ या विंडोजसाठीच्या क्रॉस कंपायलरने काढा. आढळलेले खड्डे सांगतो:

'विंडोज.एच' मधला पहिला डब्ल्यू लहान लिहा. विंडोजवर कॅपिटल चालतो, लिनक्सवर ती फाइल सापडत नाही.

_विन३२_विनएनटी ०एक्स०६०१ ठेवा, म्हणजे विंडोज ७ मध्ये नसलेलं फंक्शन वापरलं तर ते कंपाइल करतानाच कळेल.

-स्टॅटिक द्या, नाहीतर लिबजीसीसी आणि विनपीथ्रेडच्या डीएलएल बरोबर न्याव्या लागतात आणि एक तरी विसरते.

सी रनटाइम जुना एमएसव्हीसीआरटीच राहू दे. मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ च्या मूळ प्रकल्पाने १२ व्या आवृत्तीपासून यूसीआरटी हे नवं रनटाइम डीफॉल्ट केलंय, आणि विंडोज ७ वर ते वेगळं अपडेट टाकल्याशिवाय नसतं. लॅपटॉपचं उबुंटू वर नेताना हे बघून घ्या.

यूएसबी-सिरीयलच्या केबली बदलून बदलून पोर्टचा क्रमांक चढतो. कॉम९ पर्यंत नुसतं नाव चालतं, कॉम१० पासून आधी दोन बॅकस्लॅश, टिंब आणि आणखी एक बॅकस्लॅश लागतो. तोच प्रकार सगळ्यांना लावला तरी चालतो.

आणि फाइलच्या नावात संस्थेचं नाव मराठीत असेल तर साधा एफओपन विंडोज ७ वर नाही पुरणार, _डब्ल्यूएफओपन घ्या. यूटीएफ-८ ला कोडपेज करायची मॅनिफेस्टची सोय विंडोज १० च्या १९०३ पासूनची. सोपा उपाय म्हणजे फाइलला संस्थेचा नोंदणी क्रमांक द्या, नाव आत लिहा.

---

गुळाची_ढेप

फाइलची नावं मराठीतच आहेत, काका. क्रमांकावर आणतो.

सध्याची स्थिती: गोठणबिंदू सगळीकडे उणे आलाय, इंट८_टी करून, फ्लॅग न टाकता. ताई, गेटसीचं एक लूप खरंच सापडलं, दरपत्रक वाचणारं. फाइल मजकुराची केली, जुना आणि नवा प्रकार काही दिवस शेजारी पाठवतोय, बेरजा जुळल्या की जुना बंद. सीमेकचे चार प्रीसेट झाले. रीडएल्फ आणि ऑब्जडंपची तपासणी स्क्रिप्टमध्ये घातलीये, व्ही७ दिसलं किंवा २.३१ च्या वर गेलं की झिप बनतच नाही.

फक्त विंडोज ७ च्या एका पीसीवर पावतीच्या प्रिंटरला पोर्ट मिळत नाहीये, पण तो बिल्डचा विषय नाही.

---

शिरोली_एमआयडीसी

तो प्रिंटर कॉम१० च्या वर असंल बघ. काकांनी आत्ताच सांगितलंय.

---

गुळाची_ढेप

कॉम१३ आहे. 🙏

---

इचलकरंजी_लूम

हे प्रीसेटवालं माझ्या मॅकवर करून बघू का? एम१ आहे.

---

रंकाळा_चौपाटी

कर की. पॉझिक्सची सिरीयल फाइल जवळजवळ तशीच चालेल, पोर्टचं नाव टीटीवाययूएसबी ऐवजी सीयू ने सुरू होणारं घे. इंटेल आणि आर्म दोन्ही एकाच बायनरीत हवं असेल तर सीमेक_ओएसएक्स_आर्किटेक्चर्स मध्ये दोन्ही नावं अर्धविरामाने लिही. आणि ती बायनरी पायवर नेऊन बघू नकोस. प्रोसेसर दोन्हीकडे आर्म असला तरी ओएस वेगळी, 'एक्झेक फॉरमॅट एरर' येईल.